गाळपेरातली लाँच

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. देवासमोरही नाही, तिथे मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत आलो. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. ओळखणारे मला भला माणूस समजतात. घराण्यातला पहिला पदवीधर, सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त, बहिणीच्या उपकारांची जाण ठेवणारा भाऊ. निरोपसमारंभात मी स्वतः बोललो होतो — ताई आणि भाऊजी नसते तर मी आज अल्लीपुरात ढोरं चारत असतो. ते खरंच आहे. म्हणून तर पुढचं सांगताना लेखणी अडखळते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती शाळेत गेली नाही. ती घरचं बघत होती म्हणून मी जाऊ शकलो. लग्न होऊन ती वर्ध्याजवळ नालवाडीला आली. भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याकडे काढली. त्यांना मूलबाळ नव्हतं. फी भाऊजींनी भरली, पुस्तकं भाऊजींनी आणली, पहिली पँट त्यांनीच शिवून दिली.

ती पँट लक्षात ठेवा. नाही — ठेवू नका, तो बहाणा होईल. पण सांगायला तर हवं.

बी.कॉम. झाल्यावर मला पाटबंधारे खात्यात कारकुनी मिळाली. धरणाजवळच्या एका लहानशा कार्यालयात माझं टेबल होतं. धरणाचं नाव सांगत नाही. एकदा भाऊजी तिथे आले. इंजिनाशेजारी आयुष्य गेलेला माणूस, ऐकायला कमी, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. साहेब उभे होते, दोन कारकून होते, चपराशी होता. भाऊजी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "वळखलं का साहेब, याले? हा माहा साळा. कॉलेजात आला तं चड्डीवर आलता! पैली पँट म्या शिवून देल्ली. आता पाहा, फायली पाहून राह्यला!" सगळे हसले. साहेबही. भाऊजींच्या डोळ्यांत तर अभिमानाचं पाणी होतं, हे मला तेव्हाही दिसलं. त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव चड्डीवाले बाबू पडलं. मीही हसायचो. उपकार घेतलेल्या माणसाने हसायचं नाही तर काय करायचं?

मला राग आला होता. किती, ते मलाही तेव्हा कळलं नाही.

आणीबाणी उठून गेल्यानंतरची गोष्ट. भाऊजी निवृत्त झाले होते. जिनिंगमधली रुई नाकातोंडात जाऊन जाऊन त्यांना दम लागायचा; डॉक्टर म्हणायचे, मोकळ्या हवेत राहा. धरणाचं काम चालू असताना साहेबलोकांना फिरवायला खात्याने एक लाकडी मोटर लाँच आणली होती. बसायला दोन बाकं, वर छप्पर, मागे लहानशी खोली. तिचं इंजिन एकदा भाऊजींनी दुरुस्त केलं होतं आणि मेहनताना म्हणून ताईला बसवून एक फेरी मारून आणली होती. ताई त्या फेरीबद्दल वर्षानुवर्षं बोलायची. काठावरून हात खाली सोडला की पाणी कसं बोटांतून पळतं, ते ती हाताने करून दाखवायची. ती लाँच खात्याने लिलावात काढली. बातमी मीच नेली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं.

भाऊजींनी ठरवून टाकलं. लाँच घ्यायची आणि वर्षातले काही महिने तिच्यावरच राहायचं. पावसाळ्यात नालवाडीचं घर, दिवाळीनंतर पाणी. ताई म्हणाली, लोक हसतील. भाऊजी म्हणाले, "हसू दे ना! सालभर थोडंच राहाचं हाय? अर्धा वेळ पान्यात, अर्धा वेळ घरी. म्हैस राह्यते तसं."

"म्हंजे मी म्हैस का?" ताई म्हणाली.

"तू काऊन? म्हैस मी. तू आपली पाठीवरची बगळी."

ताई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. या दोघांचं असं होतं. मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो, पण माझ्याशी कुणी असं हसलं नव्हतं. हेही मला डाचत होतं का? असेल.

अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. "तू शिकलेला. कागद तूच कर," भाऊजी म्हणाले. मी मन लावून केलं. लिलावाची रक्कम, डांबर, नवे दोर, डिझेल, रॉकेल, किराणा, दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे पैसे. नालवाडीच्या घराची पुढची खोली भाड्याने द्यायची, त्यातून महिन्याचा खर्च निघतो. लाँचेची रक्कम भाऊजींच्या फंडातून पुरत नव्हती. ताईने हातातले सोन्याचे गोठ काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, वापरतच नाही मी हे. दुसऱ्या दिवशी सराफाकडे तिला मीच घेऊन गेलो.

आता त्या गोष्टीकडे येतो. येतो म्हणतो आणि बाजूने निघून जातो, असं होतंय — माफ... नाही, माफ म्हणायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

त्याच आठवड्यात साहेबांनी माझ्यासमोर ठरवलं होतं की धरणाच्या दरवाज्याची दुरुस्ती काढायची, आणि त्यासाठी त्या वर्षी पाणी लवकर, माघातच, पार खाली उतरवायचं. एरवी चैत्र-वैशाखापर्यंत कडेच्या खोलगटातही पाणी असायचं. भाऊजींनी लाँच बांधायला असाच एक खोलगट निवडला होता. सडक जवळ, बाभळीची सावली, ताईला चढायला-उतरायला सोपं. मी फक्त म्हणायचं होतं, भाऊजी, यंदा मधल्या खोल पात्रात बांधा. एवढंच.

त्यांनी विचारलंही. "साळेबुवा, तिथलं पानी उतरते का गा लवकर?"

मी म्हणालो, "नाही भाऊजी. उन्हाळ्यातसुद्धा माणूस बुडेल एवढं असतं."

शुद्ध मराठीत म्हणालो. कॉलेजपासून मी घरीही शुद्धच बोलत होतो.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. भाऊजींना माघ-फाल्गुन पाण्यावरच काढायचे होते, कारण तेव्हा जिनिंग जोरात असतात आणि गावभर रुई उडते. मी कागदावर ते दोन महिने 'मुक्काम घरी' लिहिले. लग्नसराई आहे, आहेर-माहेर आहे, डिझेल वाचेल, असं समजावून सांगितलं. त्यांना पटलं. शिकलेल्या माणसाने कागदावर मांडलेलं होतं ना. पाणी जाईल तेव्हा लाँचेजवळ कुणी असू नये, याची तजवीज मी अशी केली.

ती फुटावी असं मला वाटत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. काय वाटत होतं मग? ती चिखलात बसावी. लोकांनी जमून पाहावं. आणि कुणीतरी भाऊजींच्या खांद्यावर थाप मारून मोठ्याने काहीतरी बोलावं.

दिवाळीनंतरचे दिवस त्यांचे सुखाचे गेले. मी ड्यूटीवर जाताना धरणाच्या बांधावरून लाँच दिसायची. छपरावर ताईचं लुगडं वाळत असायचं. भाऊजींचा खोकला खरंच कमी झाला होता. माघ लागला तशी ती दोघं ठरल्याप्रमाणे नालवाडीला आली, भाऊजींच्या भाचीच्या लग्नाच्या तयारीला लागली. धरणाचे दरवाजे उघडले. मी रोज पाहत होतो. आधी बाभळीची मुळं उघडी पडली, मग लाँच एका बाजूला कलली, मग तिच्याखालचे दगड दिसायला लागले. नालवाडीला जाणारी बस माझ्या ऑफिससमोरून जायची. ड्रायव्हर ओळखीचा होता. दोन शब्दांचा निरोप पुरला असता. अजूनही वेळ होता — मधे पाणी होतं, चार माणसं लावून लाँच ओढता आली असती.

मी रविवारी नालवाडीला गेलो. लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालून दिली. माझं अक्षर चांगलं आहे. भाऊजी दारात खोकत बसले होते.

धरण उतरलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर काठचे लोक पीक घेतात. गाळपेर म्हणतात त्याला. लग्न आटोपून भाऊजी परत गेले तेव्हा लाँचेच्या चारही बाजूंनी डांगरांच्या वेलांसाठी आळी केलेली होती. लाकूड उन्हात तडकलं होतं, फळ्यांच्या सांध्यांतून आरपार दिसत होतं, खालच्या दगडावर बसून एक बरगडी मोडली होती. इंजिनाचं पितळी सामान कुणीतरी काढून नेलं होतं. मी सोबत होतो. गाळपेरवाला म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काऊन बाबा, बोट पेरली का? उगवली नाई वाट्टे अजून!" त्याची पोरं खिदळली. कुणीतरी म्हणालं, पानी टाका, पानी टाका. भाऊजींना ऐकायला कमी यायचं, पण हे सगळं ऐकू आलं. ते फळ्यांवरून हात फिरवत राहिले.

आणि मला बरं वाटलं. हे शब्द मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला बरं वाटलं.

इथे संपलं असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. द्वेष कुणाला वाटत नाही? पण खरं पाप संध्याकाळी झालं.

घरी आल्यावर भाऊजी ओट्यावर बसले. शेजारचे दोघं-तिघं जमले होते. ताई आत कणीक मळत होती, दार उघडं होतं. भाऊजी पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले. "सुधाकर, तू त्याच हापिसात. पानी सोडनार हे तुले मालूम नोतं?"

चिडून नाही विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. माहीत नव्हतं म्हणालो असतो तरी त्यांनी मानलं असतं. पण शेजारी बघत होते, आणि ऑफिसातल्या माणसाला ऑफिसातलं माहीत नाही, असं म्हणवेना. मी म्हणालो, "माहीत होतं. ताईजवळ सांगून गेलो होतो मी. तुम्ही घरी नव्हता तेव्हा."

आत हात थांबले. ताई दारात आली, मनगटापर्यंत पीठ. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माहेरचा माणूस सासरच्या दारात चार लोकांसमोर खोटा पडू द्यायचा नाही, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. भाऊ खोटा पडला की तिचं माहेर खोटं पडतं, आणि मग ती कुठची राहते? मला हे ठाऊक होतं. तोंड उघडण्याआधीच ठाऊक होतं. म्हणूनच मी तिचं नाव घेतलं.

"हो," ताई म्हणाली. "सांगतलं होतं त्यानं. लग्नाच्या घाईत माह्या ध्यानातून गेलं."

भाऊजी काही बोलले नाहीत. त्या रात्री नाही, पुढे कितीतरी दिवस नाही. आणि बोलायला लागले तेव्हा ताईची थट्टा करायला लागले. पूर्वी माझी करायचे तशी, चार लोकांत, मोठ्याने. फक्त त्यात आता हसू नव्हतं. "हे आमची बाई. हिनं माही बोट सुकवली." पाहुण्यांसमोर, भाडेकरूंसमोर, भाजीवालीसमोर. "शिकलेली नाई, काय करता?" ताई पदर नीट करायची आणि आत जायची. मला मात्र मान मिळू लागला. "साळेबुवानं तं वेळेवर सांगतलं होतं बिचाऱ्यानं." पँटची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं.

ताईने मला कधीच विचारलं नाही. आम्ही दोघंच असायचो असे प्रसंग खूप आले. मी वाट पाहायचो, मनात उत्तर जुळवून ठेवायचो. ती मुलांची चौकशी करायची.

भाऊजींचा दम दर हिवाळ्यात वाढत गेला. काही वर्षांनी ते गेले.

तेरवीला बरीच माणसं जमली. पंगतीत माझ्या शेजारी भाऊजींचे चुलतभाऊ बसले होते. ताई वाढत होती. ते तिला ऐकू जाईल असंच म्हणाले, "या बाईनं तेवढा निरोप सांगतला असता तं म्हातारा मोकळ्या हवेत अजून जगला असता." आजूबाजूचे खाली मान घालून जेवत राहिले. ताईच्या हातात वरणाची बादली होती.

आता भाऊजी नव्हते. घाबरण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. मी काही बोललो असतो तर काय झालं असतं? चार नातेवाइकांनी मला नावं ठेवली असती, एवढंच. मी मोठा बाबू होतो, वर्ध्यात माझं घर बांधून होत आलं होतं.

ताई माझ्या ताटापाशी आली आणि वाकली. मी भातात आळं केलं. तिने वरण वाढलं, ती पुढच्या ताटाकडे सरकली, आणि मी त्या चुलतभावाकडे वळून म्हणालो, "जाऊ द्या, तिचंही आता वय झालं."