उखाचा दोर

जगाचे बैल दोर खेचला की थांबतात. उखाचे बैल दोर सोडला की थांबायचे. तापीकाठच्या आमच्या गावात त्याच्या या उलट्या शिकवणीची लोकांनी पोटभर थट्टा केली. उखा माझा मोठा चुलतभाऊ, म्हणून त्या थट्टेतला माझा वाटा मीही उचलला. तो मात्र कधी चिडला नाही. एवढंच म्हणायचा, "दोर ढिला पडना म्हणजे मालक पडना, इतलं बैलले समजाले जोयजे."

त्यामागं कारण होतं. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं आणि मधे बसायला चार फळ्या. तरुणपणी एकदा उखा त्यावरून पडला, बैल गाडीसकट उधळले आणि पार नदीत जाऊन बुडाले. तेव्हापासून गोऱ्हा घरात आला की पहिला धडा हाच. दोर ताणलेला असेल तर मालक गाडीवर आहे, पळा. दोर सैल झाला की जागीच उभे राहा. परका हात त्यांना चालत नसे. उखा, त्याची बायको सिंधुबाई आणि मुलगा नवल, या तिघांनीच दोर धरावा. मी एकदा हौसेनं धरला, तर त्यांनी माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चैत्रातल्या यात्रेत गावाबाहेरच्या मोकळ्या रानात शर्यती व्हायच्या. पश्चिम खानदेशच्या कानाकोपऱ्यातून छकडे यायचे. उखानं तीन वर्षं ओळीनं पहिला येऊन निशाण आणलं. अठ्ठावन्न साली त्यानं लाखा आणि पाखऱ्या ही नवी कोवळी जोडी उतरवली. जोडी सगळ्यांच्या पुढं पळत होती. अर्ध्या वाटेवर चाक जुन्या बांधाच्या उंचवट्यावर चढलं आणि उखा उडून बाजूला पडला. हातातला दोर सुटला. बैल शिकवल्याप्रमाणं जागच्या जागी उभे राहिले. मागून भरधाव येणाऱ्या छकड्यानं उभी जोडी चुकवली, पण उखाला चुकवायला त्याला जागाच उरली नाही. तो उखाच्या छातीवरून गेला.

लोकांच्या जिभेला हाड नसतं. तेराव्याचं जेवण पचायच्या आत बोलणं सुरू झालं, की बैल पळाले असते तर मागच्यालाही वाट मिळाली असती, उखाला त्याच्याच शहाणपणानं खाल्लं. मला संताप यायचा. पण माणूस मेला होता, आणि मेलेल्याच्या बाजूनं भांडून उपयोग नसतो. सिंधुबाईला किती जणांनी सांगितलं, जोडी विकून टाक. तिनं विकली नाही. तिनं ती नांगराला जुंपली, वखराला जुंपली, आणि शेतातही दोर सैल सोडला की बैल उभे राहायचे.

नवल तेव्हा सोळा वर्षांचा होता. बापासारखाच सडपातळ, बापासारखाच हट्टी. शाळा सोडून त्यानं शेत धरलं, आणि शेत धरता धरता शर्यत धरली. पहाटे तो रिकामा छकडा घेऊन नदीच्या अंगाला जायचा. आईला कळत होतं, पण ती अडवत नव्हती. लोक त्याला विचारायचे, काय रे, तुझे बैल अजून मधेच थांबतात का? तो हसायचा, पण ते हसू त्याला आतून जाळत होतं. बापाचं नाव निघालं की लोकांनी त्याचं मरण न आठवता निशाण आठवावं, एवढंच त्याला हवं होतं.

बासष्टच्या यात्रेत उतरायचं त्यानं ठरवलं, तेव्हा सिंधुबाई दोन दिवस जेवली नाही. मी मधे पडलो. नवलनं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, हे एकच वर्ष, मग जोडी कायमची शेताला. नवऱ्यामागं तिला तेवढं एकच लेकरू होतं. तिनं त्याला उठवलं आणि उखाचा नियम पुन्हा ऐकवला.

"दोर हातमाच ठेव. आंगले बांधू नको."

तो हो म्हणाला. खोटं बोलायच्या इराद्यानं म्हणाला असेल असं मला आजही वाटत नाही. पण त्याच्या डोक्यात चार वर्षं एकच गोष्ट फिरत होती: बापाच्या हातून दोर सुटला, म्हणून बैल थांबले, बैल थांबले, म्हणून बाप मेला. मग दोर सुटलाच नाही तर?

शर्यतीच्या दिवशी त्यानं कमरेला उपरणं गच्च गुंडाळलं होतं. त्याखाली त्यानं दोराचं टोक अंगाला बांधलं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. सिंधुबाई यात्रेला आली, पण रानाकडं पाठ करून आमच्या बैलगाडीच्या सावलीत बसली.

जोडी सुटली ती काय सुटली! चार वर्षं नांगर ओढला होता तरी लाखा-पाखऱ्या कुणाला ऐकेनात. धुळीत कुणाचं काय चाललंय कळत नव्हतं, पण पुढचा छकडा आमचाच होता. निशाणाजवळून तो सगळ्यांत आधी गेला. लोकांनी टोप्या उडवल्या. मीही उडवली. मग धूळ जरा खाली बसली आणि दिसलं, की छकड्यावर कुणीच नाही.

नवल मागं फरफटत होता. तो कुठं पडला ते कुणी पाहिलं नव्हतं. कमरेचा दोर त्याच्या वजनानं ताणलेला होता, आणि ताणलेला दोर म्हणजे मालक गाडीवर आहे, हेच बैलांना ठाऊक होतं. ते इमानदारीनं पळत होते. पुढं नाल्याच्या चढावर त्यांची चाल मंदावली, तेव्हा आमचा सालदार गडी वाहरू धावत पोचला आणि त्यानं विळ्यानं दोर कापला. कापल्याबरोबर दोन्ही बैल उभे राहिले.

शहाद्याला डॉक्टर होता. यात्रेत जोड्या पुष्कळ होत्या, पण गाडीच्या संथ, शर्यतीच्या सगळ्याच धावून फेसाळलेल्या, आणि त्यातही या जोडीइतकी वेगाची दुसरी नव्हती. बैलगाडीत गवत अंथरलं, लाखा-पाखऱ्यालाच जुंपलं. दोर धरणार कोण? सिंधुबाई पुढं चढून बसली आणि तिनं वाहरूनं जोडलेला दोर मुठीत घेतला. मी मागं नवलचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

वाटेत त्यानं डोळे उघडले. आईची पाठ त्याला दिसत असावी.

"बैल थांबतीन म्हनीसन दोर बांधा मी, माय."

तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात ढिला पडला असता.

"दोर मन्हा हातमा शे," ती म्हणाली. "तू उगा ऱ्हाय."

शहाद्याच्या अलीकडच्या लोणखेड्याची झाडं दिसायला लागली तेव्हा नवलचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. मी त्याच्या नाकाशी हात धरला, छातीवर कान ठेवला. श्वास नव्हता. बैल तसेच धावत होते, आणि तिच्या दोन्ही मुठी दोरावर आवळलेल्या होत्या. शेवटी मी नुसतं "वहिनी" म्हणालो.

ती आणखी थोडं अंतर तशीच हाकत राहिली. मग तिनं मुठी उघडल्या. दोर बैलांच्या पाठीवर पडला आणि ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

तिनं मागं येऊन लेकाचं डोकं माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं. मी म्हणालो, आता मी हाकतो. पुढं जाऊन मी दोर धरला, ताणला, बैलांना नावानं हाका मारल्या, विनवलं, शिव्याही दिल्या. ते हलले नाहीत. ऊन उतरायला लागलं तशी सिंधुबाई उठली. तिनं लेकाचं डोकं अलगद गवतावर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि पुढं येऊन माझ्या हातातून दोर घेतला.

नवलला घरी आणायलाही दोर तिलाच ताणावा लागला.