मार्गदर्शकाच्या रकान्यातली बाई

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता पवईतल्या बैठकीत एका बाईवर अन्याय झाला, आणि मी समोरच बसलो होतो.

मुक्त, म्हणजे कोणीही वापरू आणि बदलू शकेल अशा सॉफ्टवेअरच्या उपक्रमासाठी विद्यार्थ्यांना द्यायच्या प्रकल्पांची यादी ठरत होती. प्रत्येक कल्पनेपुढे मार्गदर्शकाचं नाव लागतं. अडलेला विद्यार्थी त्यालाच विचारतो. ही बाई साकीनाक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करते. अंधांना मराठी वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममधल्या चुका तिने एकटीने सुधारल्यात. तपासताना ती स्क्रीन बंद करते, डोळे मिटून ऐकते आणि चूक आली की टेबलावर बोट आपटते. त्याच प्रोग्रामची कल्पना तिने यादीत दिली होती, आणि पुढे मार्गदर्शक म्हणून तिचंच नाव होतं.

"मॅडम, आयडिया झकास आहे, पण डिग्री नसलेलं नाव बरं दिसत नाही ना," संयोजक म्हणाला आणि तिचं नाव काढून तिथे त्याने स्वतःचं टाकलं. तो प्रोग्राम त्याने कधी उघडलेलाही नाही.

"घाल रे तुझं नाव," ती म्हणाली. "पोरं अडली की त्यांना काय सांगशील, तेवढं आत्ता मला सांग."

तो यादीतल्या पुढच्या कल्पनेकडे वळला. आम्ही कोणीच त्याला अडवलं नाही, हे जास्त संतापजनक.

यादी इंटरनेटवर खुली आहे, दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. तिचं नाव परत लावायची माझी दुरुस्ती त्याने एकट्याची तक्रार म्हणून फेटाळली. जुन्या आवृत्तीत तिचं नाव अजून दिसतं. ती उघडा, आणि तीच दुरुस्ती आजच तुमच्या नावाने पाठवा.