पस्तीस इंची टायर, बारका एक्सल आणि हुकलेला पोळा

आधीच सांगतो, ही पोस्ट "चला रे भटकायला" छापाची नाही. गेल्या वर्षी पोळ्याला मी जीप घेऊन नांदेडहून लातूर, निलंगा करत देवणीकडच्या आमच्या गावाला निघालो होतो. वर्ष उलटलं, पण लिहायला हात उचलत नव्हता. जीपचे फोटो बघून दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "दादा, पस्तीस इंची टायर टाकू का?" टाका की. फक्त आधी हे वाचा.

माझी जीप जुनी, फोर बाय फोर. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी तिला चार दांडगे टायर बसवले. खर्च लाखाच्या घरात. बसवणारा म्हणाला होता, "मागचा एक्सल तेवढा बघून घ्या." मी म्हटलं, "बघू नंतर." खरं कारण सांगू? टायर लोकांना दिसतात, एक्सल कुणी वाकून बघत नाही. गाडी वीतभर उंच झाली, सोसायटीतले लोक सोबत फोटो काढायला लागले आणि मी हवेत गेलो.

आता आबांचं सांगतो, म्हणजे माझ्या वडिलांचं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात. माझ्या नोकरीपायी ते नांदेडला आले, शेत माझा चुलतभाऊ राम बघतो. बैलही त्याच्याच दावणीला. गावात आबांचं म्हणून एकच उरलं होतं, पोळ्याचा मान. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याच्या आड सगळ्या गावाचे बैल सजून उभे राहतात. मानकऱ्यानं नारळ फोडून तोरण तोडलं की हलगी कडाडते, लोक "पोळा फुटला!" म्हणून ओरडतात आणि बैल घरोघरी पुरणपोळी खायला निघतात. हा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर आबांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

दरवर्षी ते आदल्या दिवशी एस.टी.नं जायचे. या खेपेला मीच हट्ट धरला, "आबा, मानकरी एस.टी.नं जातो का कुठं? वेशीत जीप घेऊन जाऊ, गाव बघत राहील." आबा हसले. म्हणाले, "गावाला बैल बघायचे असतात बाबा, जीप न्हाई." पण आले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला नांदेड सोडलं. लोह्यापुढं रस्ता झकास आहे, दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेला लागलेलं. अहमदपूरला भजी आणि चहा, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. तिथून निघालो आणि मागून आवाज सुरू झाला. टक... टक... वळणावर जास्त.

"काय वाजून राहिलंय रे?" आबांनी विचारलं.

"खडा अडकला असेल टायरात."

लातूरला पोचेपर्यंत तो खडा नाही हे मला कळलं होतं. ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, मस्तानभाई. त्यांच्याकडे गाडी लावली आणि आबांना समोरच्या हॉटेलात चहाला बसवलं. मस्तानभाईंनी आधी दुसरं गिऱ्हाईक उरकलं, मग मागचं चाक खोललं आणि एक्सलचा दांडा ओढून बाहेर काढला. त्याच्या टोकाचे दाते सरळ असायला हवेत, ते एका अंगाला पिळवटले होते.

"साहेब, ह्ये बघा. पीळ बसलाय. टायर किती वजनाचं टाकलंय तुम्ही! एवढं चाक फिरवायचं तर दांडा जाड पायजे. आन् तुमच्या ह्या एक्सलमधी गाडीचं वजनबी दांड्यावरच पडतंय. दांडा तुटला की चाकबी बाहेर."

"मग?"

"फुल फ्लोटिंग टाका. त्यात वजन हबवर, म्हंजी चाकाच्या मधल्या तुंब्यावर ऱ्हातंय, दांडा निस्ता फिरवायला. माझ्याकडं एका मोठ्या पिकअपचा पडलाय, पण बसवायला दोन दिवस लागतील."

"उद्या पोळा आहे, भाई."

"मंग आसं करा. साडेचारची देवणी गाडी हाय. आबांना घेऊन एस.टी.नं जावा, जीप इथं ठेवा. मियाँ, ह्या दांड्यावर चिखलात जाऊ नका. आईकताय ना?"

ऐकत होतो. कळतही होतं. पण डोळ्यांपुढं वेशीतून शिरणारी जीप होती ना! मी म्हटलं, "बसवून द्या तसंच. सावकाश जातो, सगळा डांबरी रस्ता आहे." त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. गाडी जुळवेपर्यंत सात वाजले.

आबा मधेच येऊन विचारून गेले होते, "काय म्हणतेत मस्तानभाई?"

"काही नाही. किरकोळ आहे. उद्या सकाळी निघू."

एवढंच बोललो. वर्षभर हेच एक वाक्य मला खातंय.

मुक्काम लातूरला, लॉजची खोली आठशेला, स्वच्छ. पण त्या संध्याकाळी गावात खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांना रीतसर आवतण देतात. आबा बेचैन झाले. शेवटी त्यांनी रामला फोन लावला. "बैलाच्या कानाला धर तो फोन." आणि खाटेवर बसून, कुणी पाहुणा समोर असावा तसं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तिकडून घंटी वाजल्याचा आवाज आला. आबा खूश. मीही हसलो, मेला निर्लज्ज!

पोळ्याच्या सकाळी औशावरून निलंगा. निलंग्यात निलंगा राईस खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका, तिखट आहे, पण जीव सुखावतो. रस्ताभर लोक ओढ्याकाठी बैल धूत होते, शिंगांना रंग देत होते. आबा प्रत्येक जोडीला नावं ठेवत किंवा शाबासकी देत होते. "ह्यो अस्सल देवणी. कपाळ बघ, कान बघ." एवढे बोलके मी त्यांना नांदेडच्या घरात कधी बघितले नाहीत.

गाडी वाजत होती, पण चालत होती. दीड वाजता आमच्या फाट्याला आलो. तिथून दोन वाटा. डांबरी सडक वळसा घालून जाते, वीस मिनिटांचा फरक. दुसरी ओढ्याची गाडवाट, गुडघाभर काळा चिखल.

"सडकेनं चल रे," आबा म्हणाले.

"आबा, बघा तरी टायर काय चीज आहे!"

अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय. फोर बाय फोर लावला आणि घातली चिखलात. अर्धी वाट मस्त गेली. टायरांनी पकड घेतली, इंजिन ओढत होतं आणि ओढ्याच्या अलीकडच्या चढावर मागं धाडकन आवाज झाला. गाडी एका बाजूला बसली. उतरून बघतो तर डावं चाक तुटलेल्या दांड्यासकट हातभर बाहेर आलेलं. टायरला ओरखडासुद्धा नव्हता.

रामला फोन केला. त्याला ट्रॅक्टर मिळवून निघेपर्यंत चार वाजणार होते, शिवाय पुढं ओढ्याला पाणी असल्यानं पार फाट्यावरून फिरून यायचं होतं. त्यात बैल दुसऱ्याच्या हाती देऊन यायचं. आबा थोडा वेळ गाडीत बसले, मग धोतर खोचून फाट्याकडं पायीच निघाले. आमच्याकडची काळी माती, दहा पावलांत पायाला पाच किलो चिकटते. त्यांची चप्पल रुतली, गुडघा मुरगळला. मी त्यांना धरून परत आणलं. ते नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

चारनंतर गावातून फोन सुरू झाले. सगळे बैल वेशीत उभे. पाच वाजले. पोलीस पाटलांचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. "आबा, कुठंवर आलाव? बैल बिथरून राहिलेत. एकानं दावं तोडलंय. तुम्ही म्हणाल तर अजून थांबतो."

आबांनी माझ्याकडं बघितलं. ट्रॅक्टर अजून दिसत नव्हता.

"न्हाई. जनावर किती उभं ठेवायचं? फोडा पोळा."

"आबा, तुमच्याबिगर..."

"म्या सांगतोय ना. फोडा."

दोन-चार मिनिटांत शेतांवरून हलगी ऐकू आली. गाव तिथून जेमतेम कोसभर. आबा वळून आवाजाकडं तोंड करून बसले आणि मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी आणि मी जीपसकट आत जावं. राम पुढच्या दहा मिनिटांत आला.

दिवेलागणीला गावात पोचलो. तोरणाची पानं वेशीत तुडवलेली पडली होती. रामच्या बायकोची बैलाला पोळी भरवून झाली होती. आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आवतण दिलं आन् यजमानच गायब. माफ कर बाबा." सगळे हसले. मी गोठ्यातून बाहेर निघून गेलो.

पुढचं कामाचं तेवढं सांगतो. ट्रॅक्टरनं जीप निलंग्याला, तिथून टेम्पोवर लातूरला. मस्तानभाईंनी तो फुल फ्लोटिंग एक्सल बसवला, मजुरीसकट पस्तीस हजार. टायर वाढवायचा तर आधी एक्सल बघा. दांड्याची जाडी बघा, दाते किती ते विचारा, वजन दांड्यावर येतं की हबवर ते विचारा. हे पटत नसेल तर टायर लहानच ठेवा, काही बिघडत नाही.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा आबा सोबत होते. मस्तानभाई भोळेपणानं म्हणाले, "आबा, म्या सायबाला सांगितलं होतं ना, साडेचारच्या एस.टी.नं घेऊन जा म्हणून!" आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याजवळ त्यांनी विचारलं, "साडेचारची गाडी गावात किती वाजता पोचते रे?"

"साडेसातला."

"म्हणजे खांदेमळणीबी गावली असती."



या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी मी म्हटलं, "आबा, गाडी ठणठणीत आहे. दोन दिवस आधी निघू." ते म्हणाले, "रामला सांगून टाकलंय म्या. ज्याच्या दावणीला बैल, त्याचाच मान. बरोबर हाय ते." तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "आबा, मी खोटं बोललो तुमच्याशी. चुकलं माझं."

"एक्सलचं काय, लोखंड हाय, तुटतंय. पण जायचं कसं ते मला विचारायचं होतंस. मान माझा होता."

पोळ्याला आम्ही नांदेडलाच होतो. पाच वाजता रामनं वेशीतून व्हिडिओ कॉल लावला. मी मोबाईल टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. चित्र हलत होतं, शिंगं, झुली, माणसांची डोकी. हलगी वाजायला लागली, रामनं नारळ उचलला, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आबा पायातल्या चपला काढून उभे राहिले.