सुमनच्या खोलीतली कॅसेट

भूतखेत मी मानत नाही, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढ्यानंही माणसाला अक्कल येते. नवरा गेला तेव्हा बायका विचारायच्या, घरात वावरतो का गं? मी म्हणायचे, जिवंतपणी कधी घरात थांबला नाही, आता कशाला थांबेल?

लिहायला कारण झालं माझी नात. मोबाईलवर भुतं शोधणाऱ्या लोकांचा कार्यक्रम बघत होती. अंधारात तीन-चार पोरं, हातात कसली तरी यंत्रं, आणि "कोणी आहे का इथं?" म्हणून भिंतींना विचारतात. नात म्हणाली, "आजी, ही सिरीयल नाही, हे खरं असतं." मला हसू आलं. अंधार तोच, कुरकुरणारं दार तेच, आणि भूत म्हणजे बाईच! पुरुष मेला की फोटोत जातो, बाई मेली की केस मोकळे सोडून हिंडते. पुढं काय होणार ते सिरीयलवाल्यांना आधी माहीत असतं, तसं या शोधणाऱ्यांनाही असतं. फरक एवढाच, की सिरीयलच्या शेवटी नटांची नावं येतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. असा एक कार्यक्रम बनताना मी स्वतः पाहिलाय.

नव्वदनंतरची गोष्ट. नगरला नागापूरच्या एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. शेवटून दुसरी खोली माझी. नवरा नव्हता, मुलगा पुण्याला नोकरीत. शेवटच्या खोलीत सुमन आणि तिचा नवरा, दामूभाऊजी. ते कारखान्यात. सुमनला मूल नव्हतं. दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी तिच्या उंबऱ्यावर बसायचो. काय बोलायचो, विचाराल तर सांगता येणार नाही. बोलायचो.

ती काविळीनं गेली. सरकारी दवाखान्यात गेली, खोलीत नाही. दामूभाऊजी नोकरी सोडून खर्ड्याकडं आपल्या गावी निघून गेले. जाताना म्हणाले, "वैनी, किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मला न्हाई बघवत." पुढं मला दुपार फार मोठी वाटायला लागली. कामं संपायची, दुपार संपायची नाही.

तेव्हा टीव्हीवर एक भुतांची मालिका लागायची. ती बघून रांगेतली पोरं म्हणायला लागली, सुमनच्या खोलीतून आवाज येतो. पोरांचं बायकांनी उचललं. मूल नव्हतं, इच्छा राहिली असेल, हडळ झाली असेल... मी भिंतीला भिंत लावून राहणारी! एक आवाज ऐकला नाही कधी. खरं सांगू का? आला असता तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडं बाळू म्हणून केबलवाला होता. गणपतीची मिरवणूक, लग्नं, असलं काही काही तो आपल्या केबलवर दाखवायचा. एक दिवस आला.

"मावशी, शेवटच्या खोलीची किल्ली तुमच्याकडंच हाय ना?"

"हाय. का रं?"

"आत शूटिंग करतो. केबलवर दाखवू. लोकांना दिसंल तरी, आत काय हाय न् काय न्हाई."

मला वाटलं, बरं होईल. कॅमेऱ्यासमोर जे असतं तेच त्यात येतं, अशी माझी समजूत. रिकामी खोली दिसली की तोंडं बंद होतील. दार उघडून दिलं.

तर बाळू आणि त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनी खिडकीला घोंगडी लावली, पत्र्याच्या फटीत पोती कोंबली. भर दुपारी रात्र केली. मग पिशवीतून पांढरी साडी आणि लांब खोट्या केसांचं एक गंगावन काढलं. लग्नाची शूटिंग करणारा कॅमेरावाला होता, त्याचा मेव्हणा ती साडी नेसायला लागला.

"बाळ्या, हे काय? मिशा हायेत की त्याला!"

"पाठमोराच घ्यायचाय, मावशी."

"आरं, तू खरं दाखवणार हुता ना?"

"खरं दाखवायला बी थोडं करावंच लागतं. नुसती रिकामी खोली कोन बघतंय?"

"आन् नाव कुणाचं सांगणार?"

"सुमनताईंचंच. त्याबिगर लोकांना पटंल कसं?"

सुमन कधी केस मोकळे सोडून दारातही आली नाही. जिवंतपणी वांझ म्हणून ऐकून घेतलं, आता मेल्यावर घरोघर टीव्हीवर हडळ होणार. ही गोष्ट खर्ड्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ? दामूभाऊजींनी किल्ली माझ्या हातात दिली होती.

मी बाळूला आणि त्या दोघांना म्हटलं, "जा, आधी चहा पिऊन या. मग बघू." ते टपरीवर गेले. परत येईपर्यंत दाराला कुलूप घालायचं, असं मी ठरवलं. शूटिंगचा दिवा तसाच जळत होता, कॅमेरा तिथंच तिकाटण्यावर उभा होता. तो चालू राहिलाय, हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

मला जे आठवतं ते एवढंच. मी खाली बसले. म्हटलं, "सुमे, बघ तुझं काय करून ठेवलंय या लोकांनी." मग उठले, घोंगडी ओढून काढली आणि बाहेर आले.

बाहेर बाळू तापलेला. "मावशी, किती येळ? दोनदा चहा झाला, पान झालं, हाका मारून घसा बसला! रडताय का काय म्हणून आत आलो न्हाई." मी म्हटलं, आत्ता तर मी आत बसले होते. तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला. कॅसेट संपली होती. दुसरी आणली नव्हती आणि दुसऱ्या दिवशी त्याला लग्नाची सुपारी होती. शिव्या घालत साडी पिशवीत कोंबून गेले.

काही दिवसांनी बाळूनं मला त्याच्या केबलच्या खोलीवर बोलावलं. म्हणाला, "लई भारी ॲक्टिंग केली, मावशी. आमची मस्करी केली व्हय?" आणि कॅसेट लावली.

मी होते. भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली. तोंड उंबऱ्याकडं. मी बोलत होते. मग थांबत होते, मान हलवत होते, परत बोलत होते. "न्हाई गं, त्याचं लगीन कुठं ठरतंय." थांबले. "व्हय? मग?" बराच वेळ गप्प. मग तोंडाला पदर लावून अशी हसले, की मलाच मी ओळखू येईना. खोलीत दुसरं कोणी दिसत नव्हतं. दुसरा आवाजही नव्हता. माझाच तेवढा. शेवटी शेवटी मी पुढं वाकून काहीतरी ऐकलं, डोळे पुसले आणि म्हटलं, "बरं. न्हाई सांगणार कुणाला." तिथं कॅसेट संपली.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. त्यानं लावली. तेच.

"यात भूतच न्हाई, मावशी," बाळू म्हणाला. "लोक काय बघतील?" कॅसेट मागितली तर म्हणाला, शूटिंगवाल्याची आहे. शूटिंगवाल्याकडं गेले, तोवर त्यानं ती पुसून तिच्यावर कुणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम भरला होता. सुमनवरचा कार्यक्रम मात्र झाला नाही, तो नाहीच.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू एकटी असतेस, बडबडतेस, तुझ्या लक्षात राहत नाही." असेल. एकटं माणूस बडबडतं, मान्य. पण एकटं माणूस ऐकत नाही. त्या कॅसेटमधली मी ऐकत होते.

नंतर किती दुपारी त्या खोलीत जाऊन बसले. हाका मारल्या. काही नाही. पत्रा तापायचा, तेवढा वाजायचा. भीती कधी वाटली नाही. राग आला तो त्या कॅसेटमधल्या बाईचा. सुमन तिला भेटली, मला नाही.

याचा उलगडा मला झालेला नाही, आणि यंत्रं घेऊन हिंडणारी ती पोरंही करतील असं वाटत नाही. सुमनला दिलेला शब्द तेवढा पाळलाय, कोणाला सांगितलं नाही. काय सांगायचं नव्हतं, ते मलाच माहीत नाही.