फ्यूजमंधी कुंपणाची तार

मोहर्लीकडच्या गावायमंधी मी लाईटफिटिंग करतो. दुसऱ्यायचे फ्यूज बांधता बांधता केस पिकले, पण घरच्या माणसानं माहं कधी ऐकलं नाई. घरचं माणूस म्हणजे माही मोठी बहीण. तिले आम्ही बाई म्हणतो.

बाईनं जंगल पाहाले येणाऱ्या पाव्हण्यायसाठी घरामांगं एक खोली काढली. बल्ब-पंख्यापुरती बारीक वायर मी माळ्यावरून तिथं नेली होती. हिवाळ्यात बाईनं त्याच वायरवर मोठा गिझर लावला, मले न इचारता. फ्यूज उडणारच! पाव्हणे थंड पाण्याच्या नावानं कुरकुरले, तशी बाईनं फ्यूजमंधी कुंपणाची जाड तार पिळून टाकली.

"पाय, आता एकदाबी उडत नाई," मी गेलो तवा ती म्हणे. "तुह्यापेक्षा मलेच बेस जमते."

घरात गोडसर, भाजल्यावानी वास होता. "माळ्यावर मोहफूल हाय ना," बाई म्हणे. "पाव्हण्यायले लय आवडते."

वाळल्या मोहाले असा वास येत नाई. मेन बंद करून माळ्यावर चढलो. मोहाच्या ढिगाखालून गेलेली वायर हाताले चटका देत होती. प्लास्टिक मऊ झालं होतं, त्याले फुलं चिकटून काळी पडली होती. बरोबर खाली बाईची खाट.

काळी फुलं तिच्या हातावर ठेवून मी वरडलो, "अवो बाई, फ्यूज गिझरसाठी नसते, वायरसाठी असते! बारीक वायरले बारीकच फ्यूज. वायर तापायच्या आंधी तो मेला पाह्यजे. तू त्याले मरूच देऊन नाई राह्यली. मंग वायर जळते, मंग घर, मंग तू!"

बाईनं ती फुलं नाकाशी धरली. मंग म्हणे, "चाय पेतं का?"

मी वायर बदलली, मोहापासून दूर भिंतीवरून नेली, पाच अँपियरची तार बांधली अन् गिझर काढला. "त्याले चार एमएमची जाड वायर अन् पंधरा अँपियरचा वेगळा फ्यूज आणतो. तवरक पाणी चुलीवर तापव." बाई हो म्हणे. तिचं हो मले ठाऊक हाय.

आठवडाभरात दिवेलागणीले तिचा फोन आला. "मेल्या, पाव्हण्यायनं हिटर अन् लाईटवरची किटली संगंच लावली. तुहा फ्यूज उडला!"

"मंग कोणती तार टाकली?" जीव मुठीत धरून मी इचारलं.

"काईच नाई टाकली. समद्यायले घेऊन अंगणात शेकोटीपाशी बसली हाय. तू ये लवकर."