गभनेभाऊंचा आयर्न सेट

वर्कशॉपमधले किस्से लोखंडाच्या चुऱ्यासारखे असतात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, तरी संध्याकाळपर्यंत पायाखाली ढीग झालेला असतो. वरठीच्या आमच्या छोट्या फोर्जिंग शॉपात मी वीस वर्षं टर्नर होतो. बायको म्हणते, तिथून तुम्ही पगार कमी आणि गोष्टीच जास्त आणल्या. तर आज फक्त गोल्फच्या सांगतो. हो, गोल्फच्याच. वरठीच्या. आधी हसून घ्या, मग पुढे जाऊ.

*

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आम्हाला एक मॅनेजर मिळाले. बाहेरचे होते आणि गोल्फचा भारी नाद. शेडमागच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी बॉल मारत बसायचे. आम्ही तिघं बघायला जायचो आणि बघता बघता शिकलो. एक मी, दुसरा इन्स्पेक्शनचा हटवार आणि तिसरे हॅमरवरचे गभनेभाऊ.

साहेबांची बदली झाली तेव्हा ते एक जुना सात नंबरचा आयर्न आम्हाला देऊन गेले. आयर्न म्हणजे लोखंडी तोंडाची ती काठी. पूर्ण सेटमध्ये तशा सात-आठ असतात. आमच्याकडे माणसं तीन आणि काठी एक.

माझा बॉल जायचा बोअरवेलकडे, हटवारचा स्क्रॅपच्या ढिगाकडे. मी मारला की काठी घेऊन हटवारकडे पळायचं, त्यानं मारला की त्यानं गभनेभाऊंकडे. एक दिवस हटवार धापा टाकत म्हणाला, "आपण गोल्फ खेळून राहिलो का डाक वाटून राहिलो?"

*

आमच्यात खरा खेळणारा एकच, गभनेभाऊ. मूळचे सिहोऱ्याचे, घरी धानाची, म्हणजे भाताची शेती, आणि तीस वर्षं हॅमरखाली लाल लोखंड फिरवलेलं. मनगट असं की बॉलला फटका लागला की आवाजच वेगळा यायचा. मार्चमध्ये ते रिटायर होणार होते.

जानेवारीत साहेबांचा फोन आला. नागपूरच्या एका गोल्फ कोर्सवर फेब्रुवारीत एक दिवस सगळ्यांना खुला असतो, फी भरा आणि अठरा होल खेळा. अट एकच, प्रत्येकाकडे स्वतःचा सेट पाहिजे, मागून-उसना करून चालणार नाही.

आमच्या शेडमागे गवत असायचं दिवाळीपर्यंत, मग नुसती धूळ. गभनेभाऊ म्हणाले, "रिटायर व्हाच्या आधी एक डाव खऱ्या गवतावर खेळीन. सोताच्या सेटनं. मंग नाही खेळलो तरी चालते."

त्यांचं "खेळीन" आम्हाला माहीत होतं. हा माणूस एकदा "करीन" म्हणाला की हॅमर बंद पडेल, हा पडणार नाही.

*

पैशाचा प्रश्न वहिनींच्या दरबारात गेला. मी साक्षीला होतो.

"किती काठ्या रायते?" वहिनींनी विचारलं.

"सात."

"आन् बॉल?"

"एक."

"एका बॉलले सात काठ्या कायले लागते?"

गभनेभाऊंनी नीट समजावलं. लांब मारायचं तर चार नंबर, मध्यम मारायचं तर सात, जवळ मारायचं तर नऊ. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग जवळ माराचं असन तवा जोर कमी लावा ना."

  शेवटी वहिनींनीच निकाल दिला. त्यांना शिलाई मशीन घ्यायची होती. सेट त्या मशीनपेक्षा महाग नको, बाकी कसा घ्यायचा तो घ्या. झालं आमचं बजेट.

*

नागपूरच्या दुकानात गेलो. दुकानदार सज्जन माणूस, चहा मागवला. गभनेभाऊंनी एक आयर्न उचलला, नखानं टिचकी मारून कानाशी धरला आणि तोंड वाकडं केलं.

"हे ओतीव आहे."

दुकानदार चकित. "बरोबर ओळखलंत. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला सेट महाग पडतो. आणि नवीन माणसाला हाच चांगला. बॉल थोडा इकडेतिकडे लागला तरी हा चूक माफ करतो."

"तीस वर्सं मी लोखंड ठोकून काढलं. आता म्हातारपणी ओतीव हातात घेऊ?"

"पण काका, फोर्ज्डमध्ये चुकीला माफी नाही."

"मी माफी मागाले आलो नाही, सेट घ्याले आलो," गभनेभाऊ म्हणाले.

अर्थात सेट काही घेतला नाही. फोर्ज्डच्या किमतीत तीन शिलाई मशीन आल्या असत्या. चहा पिऊन परत निघालो. येताना लाखनीत कोणाकडे जुना सेट असेल का, कामठीला कोणाकडे असेल का, हाच जप चालला होता.

*

मग गभनेभाऊंच्या गोंदियाच्या साळ्याचा फोन आला. तिथल्या एका रिटायर्ड अधिकाऱ्याच्या माळ्यावर जुना फोर्ज्ड सेट पडून होता. सात आयर्न, वर बॉल होलात ढकलायची काठी, म्हणजे पटर, फुकट, आणि किंमत शिलाई मशीनच्या खाली. गभनेभाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी पोतं खांद्यावर टाकून परत आले. माणूस नवरदेवासारखा दिसत होता.

आता आमच्या शॉपची रीत अशी की बाहेरून आलेला कुठलाही माल हटवारच्या टेबलावरून गेल्याशिवाय आत येत नाही. हटवारनं अँगल मोजायचं प्रोट्रॅक्टर काढलं, एकेका आयर्नचं तोंड मोजलं, वहीत लिहिलं आणि लाल खडूनं फुल्या मारत सुटला.

"काय झालं गा?" गभनेभाऊंचा चेहरा उतरला.

"भाऊ, फसवलं तुमाले. सेट म्हणते आन् एकाचा अँगल दुसऱ्याशी जुळत नाही. सगळेच्या सगळे वाकलेले."

काठ्यांची लांबी वेगळी असते हे साहेबांनी सांगितलं होतं. तोंडाच्या अँगलबद्दल ते कधी बोललेच नव्हते, आणि आमच्याकडे होता फक्त सात नंबर. गभनेभाऊ साळ्याला फोनवर काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

रविवारी तिघं शॉपात आलो. भट्टी पेटवली. साहेबांचा सात नंबर नमुन्याला ठेवला आणि बाकीचे गरम करून, ठोकून, त्याच्या बरोबरीला आणले. हटवारनं पुन्हा मोजले. कुठं अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही. त्यानं प्रत्येकावर ओकेचा शिक्का मारला.

सोमवारी खेळून पाहिलं. चार नंबरनं मारला, बोअरवेलपाशी पडला. सहा नंबरनं मारला, बोअरवेलपाशी. नऊ नंबरनं मारला तोही तिथंच. हटवार छाती फुगवून म्हणाला, "याले म्हंतात क्वालिटी."

गभनेभाऊंनी कौतुकानं साहेबांना फोन लावला.  सगळं ऐकून साहेब इतका वेळ हसत होते की गभनेभाऊंनी फोन माझ्याकडे दिला, माझ्याकडून हटवारकडे गेला, तरी हसणं चालूच. शेवटी कळलं, प्रत्येक नंबरचा अँगल मुद्दामच वेगळा असतो, त्यावरच बॉल जवळ-लांब जातो.

वहिनींना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे आता जोर कमी लावूनच मारा लागन."

*

खुल्या दिवसाला आठच दिवस उरले होते. मला वाटलं, संपलं. गभनेभाऊ म्हणाले, "वाकवता येते त सरळही करता येते. साहेबाले अँगल विचार."

साहेबांनी फोनवर एकेक अँगल सांगितला. मी त्या मापाचे पत्र्याचे साचे, म्हणजे गेज, कापले, पुन्हा भट्टी पेटली. चार नंबर मानेतून तुटला. हटवारनं त्या दिवशी डबा उघडला नाही. कोपऱ्यात बसून राहिला, बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

गभनेभाऊ त्याच्याजवळ जाऊन बसले. "सातातून एकच गेला ना. एवढं रिजेक्शन त आपल्या शॉपात रोजचंच हाये. डबा खा."

सेटच्या मुठीवरचे रबरी ग्रिप तर कधीच फाटले होते. हटवारच्या घरी पिढीजात हातमाग. त्यानं दोन रात्री बसून जाड सुती पट्टी विणली आणि सहाही आयर्नना स्वतः गुंडाळली.

नागपूरला नाव नोंदवताना एका साहेबी टोपीवाल्यानं ते आयर्न उलटसुलट करून पाहिले. "कुठला मेक आहे हा?"

"वरठी," गभनेभाऊ म्हणाले.

"नवीन दिसतोय," टोपीवाला म्हणाला आणि आदरानं परत दिले.

*

पहिला होल. मी पिशवी धरून उभा. सोबत खेळायला एक डॉक्टर होते. गभनेभाऊंनी पाच नंबर काढला, पाय रोवले आणि मारला. बॉल सरळ, उंच, बघतच राहावा असा गेला. आम्ही सगळे माना वर करून उभे.

"वा काका, काय शॉट आहे," डॉक्टर म्हणाले.

काका बॉलकडे बघतच नव्हते. आयर्ननं तळहाताएवढा गवताचा तुकडा उपटून दहा पावलांवर फेकला होता. आमच्या धुळीत असं कधी झालं नव्हतं. गभनेभाऊ धावत गेले, तुकडा दोन्ही हातांत उचलून आणला, गुडघ्यावर बसून खड्ड्यात बसवला, आणि रोवणीच्या वेळी धानाचं रोप दाबतात तसा अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबला. मग माझ्याकडची बाटली घेऊन त्यावर अर्धं पाणी ओतलं.

"राहू द्या हो, माळी करतात ते," डॉक्टर म्हणाले.

"माळी करन. पण उपटलं मी ना."

अठरा होल हेच चाललं. मागचे लोक ओरडले, कोर्सचा माणूस दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. गभनेभाऊंनी एकही तुकडा सोडला नाही. नंबर शेवटून तिसरा आला. परत येताना मोटरसायकलवर मागून म्हणाले, "मनासारखं झालं गा." मलाही फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळीच ते माझ्या दारात. "गाडी काढ. नागपूरले जाचं हाये."

"काहून?"

"चाल त."

पासष्ट किलोमीटर गेलो. कोर्सच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "मेंबर हाये का?"

"नाही."

"खेळाचं हाये?"

"नाही."

"मंग काय काम हाये?"

"मागच्या आयतवारी रोवलं होतं," गभनेभाऊ म्हणाले. "लागलं का नाही, तेवढं पाहून येतो."

 "धानवाले दिसता. गाव कोनतं?" वॉचमननं विचारलं.

"सिहोरा."

त्यानं गेट उघडलं.