पंपातलं तूप

मोटारीच्या पंपाला मी एकदा साजूक तूप घातलं होतं. हसू आलं तर खुशाल हसा. हाच किस्सा सांगून मी गेली कित्येक वर्षं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना हसवत आले आहे. "तूपच का घातलंत, वर साखर नाही पेरलीत?" असं कुणी विचारलं की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायची. महिन्यापूर्वी औंढ्याहून दूध घेऊन येणारी बाई कासंडी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आजी, सावळाभाऊ गेलं की वो, गेल्या बेस्तरवारी." आणि तिने माप भरायला घेतलं. मी विचारलं, "शेवटी काही बोलला का गं?" ती म्हणाली, "कुनाबद्दल?"... मी दूध तापायला ठेवलं आणि उतू घालवलं.

सावळाराम आमच्या तुंगार्लीच्या बंगल्यावर मोटार हाकायचा आणि तिची दुरुस्तीही करायचा. माझ्याहून बारा वर्षांनी तरी मोठा, पण घरात सगळेच त्याला अरेतुरे करत, म्हणून मीही करायची. आता या वयात ती सवय मोडत नाही, मोडायला हवी होती एवढं मात्र कळतं. जर्मन लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी वाईच्या भिक्षुकाची लेक, लग्न होऊन वकिलाच्या घरात आले तेव्हा वय सोळा आणि तोरा साठीचा. माझ्याएवढं सोवळं अख्ख्या लोणावळ्यात कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. सासूबाई बिचाऱ्या माझ्यापुढे पाट मांडतानासुद्धा घाबरायच्या. बाजारातून आलेली भाजी मी तीनदा धुवायची, भाजीवालीने हसून पाहिलं तर चौथ्यांदा. मोटार मात्र मला फार आवडायची. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायचा मान माझा, आणि तिच्या नाकाडावर चिकटवलेल्या चांदीच्या गणपतीला रोज दूर्वा वाहायचं काम मी स्वतःहून माझ्याकडे घेतलेलं.

त्या साली पावसाळा संपता संपता मोटारीचा पाण्याचा पंप गळायला लागला. इंजिनाभोवती पाणी फिरवतो तो हा पंप; तो बंद पडला की इंजिन तापून जाम होतं, एवढं ज्ञान मला सावळारामने दिलेलं. मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने नवा पंप आला आणि पोर्चमध्ये गोणपाट अंथरून त्याने काम काढलं. जुना पंप खोलायलाच अर्धी सकाळ गेली. नव्याच्या खाली बसवायला जाड पुठ्ठ्याची चकती हवी होती. ती त्याने कात्रीने कापली नाही. पुठ्ठा पंपाच्या तोंडावर धरून हातोडीने कडेकडेने हलके हलके ठोकत गेला आणि चकती आपोआप सुटून हातात आली. मी दाराआडून बघत होते. त्याने वर न बघताच म्हटलं, "वैनी, आसं टिपून काडलं की मापात चूक व्हत न्हाई. डोळं खोटं बोलतील, लोखंड न्हाई बोलत."

पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाणी ठिबकू नये म्हणून दांड्याभोवती एक दोरी गुंडाळतात आणि वरून नट आवळतात. कोरडी दोरी घातली तर ती जळते आणि पाणी वाहून जातं. म्हणून ती आधी भिजवायची. सावळारामने एका वाटीत काहीतरी पातळ केलं, त्यात शिसपेन्सिलीची पूड कालवली, दोरी बुडवली आणि वाटी उन्हात ठेवून कामवालीला सांगितलं, "चरबी हाय बकऱ्याची. मांजराला जवळ यिऊ दिऊ नगा." मग तो राहिलेले बोल्ट आणायला स्टेशनाकडे गेला.

चरबी. ज्या मोटारीला मी कुंकू वाहते, तिच्या पोटात बकऱ्याची चरबी. आणि ती गणपतीच्या बरोबर मागे. तुम्हाला आता हसू येतं तसं मला तेव्हा आलं नाही, मला शहारे आले. मी चिमट्याने ती दोरी उचलली, रिठ्याच्या कढत पाण्यात तीनदा उकळली, चुलीपाशी वाळवली आणि घरच्या साजूक तुपात बुडवली. शेणाने घासून वाटीसुद्धा शुद्ध केली. पण दोरी पिवळीधमक दिसायला लागली, काय करावं? तर या अतिशहाण्या पोरीने आपली काजळाची डबी आणली आणि अख्खी त्या तुपात रिती केली. इतका पोक्त विचार मी उभ्या जन्मात दुसऱ्या कशाचा केला नसेल. सावळाराम आला, पेट्रोलने हात धुतलेले, नाकात पेट्रोलचाच वास. त्याने दोरी उचलली, दांड्याला वेढे दिले, नट हाताने आवळला, वर पान्याने जेमतेम अर्धा फेरा. मग देवापुढे बसावं तसा खाली बसून थेंब पडतो का ते बघत राहिला. थेंब पडला नाही. तो हसला. मीही हसले, माझ्या धर्मरक्षणावर.

दुसऱ्या दिवशी मामंजींची पुण्याच्या कोर्टात मोठी तारीख होती. रेल्वेने जा म्हणून सासूबाईंनी सांगितलं, पण पंप नवा, मोटार आपली, रेल्वे कशाला. कामशेतच्या पुढे इंजिनातून वाफ निघाली आणि पाठोपाठ इंजिन जाम झालं. तूप वितळून कधीच वाहून गेलं होतं, दोरी कोरडी पडली होती, पाणी रस्त्यावर सांडत आलं होतं. मामंजी काळा कोट, पगडी आणि अशिलाचे कागद घेऊन गवताच्या बैलगाडीत बसून परत आले. तारीख हुकली, दावा गेला. त्यांच्या मागून दोन बैल जुंपलेली मोटार, आणि मोटारीबरोबर चालत आलेला सावळाराम.

पोर्चमध्ये सगळे जमले. मामंजी ओरडले नाहीत, ते कोर्टात बोलत तसे बोलले. "सावळाराम, दोरी कोरडी घातलीस."

"न्हाई, रावसाहेब. चरबीत भिजवून घातली व्हती."

"मग चरबी गेली कुठे?" असं म्हणून ते घराकडे वळले. "त्या वाटीला घरात कुणी हात लावला होता का?"

कामवालीने सासूबाईंकडे पाहिलं. मी दाराच्या मागे उभी होते आणि सगळ्यांच्या आधी मीच बोलले. "नाही."

एवढाच शब्द. सावळारामने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. रागाने मिटली असेल असं मला वाटलं. मग तो खाली बघायला लागला. मामंजी म्हणाले, "काम कोरडं आणि बोलणं खोटं. उद्यापासून येऊ नकोस." तो "बरं" म्हणाला, पान्यांची पिशवी पायरीवर नीट ठेवली आणि आपल्या गावाच्या, औंढ्याच्या वाटेला लागला.

लोणावळ्यात बंगले ते किती, आणि मोटारी त्याहून कमी. आठवड्यात सगळ्यांना कळलं. पोरंसोरं त्याला 'कोरडा मिस्त्री' म्हणायला लागली. पुन्हा कुणी त्याच्या हातात मोटार दिली नाही. तो भात लावायचा, गवत कापायचा, बाजारच्या दिवशी दिसला तर मी पदर पुढे ओढून भाजीवालीशी उगाच घासाघीस करायची. मामंजी होते तोवर माझी जीभ उचलली नाही; खरं सांगायचं तर ते नसते तरी उचलली असती का, कोण जाणे. ते गेल्यावर सावळाराम भेटायला आला, पोर्चच्या पायरीवर बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही. मी चहा आणला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं... रिठे, तूप, काजळ. तो इतका हसला की चहा बशीत सांडला.

"वैनी, मला तवाच कळलं व्हतं. कामशेतला पंप खोलला आन् आनारशाचा वास आला. म्हटलं, आमचं बकरं तुपात कवा न्हालं?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? वाटी तुमच्याच घरची. तुमी तवा येवढ्याशा व्हता." आणि परत हसला.

त्या हसण्याची मी पावती करून घेतली. ज्याचं नुकसान झालं तोच हसतोय, मग मी कशाला रडू? तेव्हापासून तुपाचा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगू लागले. त्यात मी बावळट, पण गोड बावळट. काजळाच्या डबीपाशी बायका हमखास पोट धरून हसत. पोर्चमधला तो 'नाही' मात्र मी किस्स्यात कधीच घेतला नाही. गोष्ट लांबते, असं स्वतःला सांगायची.

आता, सावळारामच्या तेराव्यानंतर, मी औंढ्याला गेले. त्याची बायको, पारूबाई, अंगणात भात वाळत घालत होती. तिला मी पूर्वी एकदोनदाच पाहिलं होतं. तिने पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी टाकली. मी तेच बोलले जे अशा वेळी बोलतात: मोठ्या मनाचा माणूस, मला त्याने माफ केलं होतं, माझी चूक त्याने हसण्यावारी नेली. ती ऐकत होती. मग उठून आत गेली आणि कोनाड्यातली पत्र्याची डबी घेऊन आली. डबीत एक काळी, ताठ झालेली, वेढ्याची दोरी. मी ती नाकाशी नेली. कसलाच वास उरला नव्हता. पण बोटाला काजळ लागलं, इतक्या वर्षांनी.

"त्या दिशी मुठीत घिऊन आल्ते," पारूबाई म्हणाली. "मी म्हनलं, जाऊन दावा त्या वकिलाला, वास घ्याया लावा. तर म्हनले, पोरगीला घराभायेर काडतील."

मी दोरी डबीत ठेवली. तिने झाकण लावलं, डबी माझ्या हातात दिली नाही, आपल्याच मांडीवर ठेवली. आणि भाताकडे बघत म्हणाली, "वैनी, त्यांनी माफ केलं आसंल, ते त्यांचं त्यांनी केलं. पर तुमच्या पायरीवर हसले तेवडेच. काम सुटल्यावर हितं चार वरसं त्या मानसानं तोंड उगाडलं न्हाई, आन् मी त्येच्या म्होरं बसून जेवत व्हते. मला आजून कुनी काय इचारलं न्हाई."